लिंबाची फोड उजवीकडे

मानवजातीच्या इतिहासात अन्याय पुष्कळ झाले. राज्यं बुडवली गेली, ग्रंथ जाळले गेले, निरपराध माणसं सुळावर चढली. पण त्या सगळ्यांची उशिरा का होईना, कुणी ना कुणी दखल घेतली. पुतळे उभे राहिले, चौकांना नावं मिळाली. पन्नास वर्षांत ज्याला वाचा फुटली नाही असा अन्याय जगात एकच, आणि तो जयप्रकाश तासगावकर यांच्यावर झाला, असं खुद्द जयप्रकाश तासगावकर यांचं मत होतं. हा अन्याय एका लिंबाच्या फोडीच्या बाबतीत झाला होता.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. जयप्रकाश तेव्हा पंचवीस वर्षांचे होते, पुस्तकांची मुखपृष्ठं रंगवायचे आणि आपण फार पुढे जाणार असं समजायचे. सरस्वतीबाई मिरजगावकर नावाच्या बाईंनी 'पहिली वाफ' हे तीनशे एक पदार्थांचं पुस्तक लिहिलं होतं. त्याचं मुखपृष्ठ जयप्रकाशांकडे आलं. त्यांनी त्यावर एक वाढणारी बाई काढली. वांगी रंगाचं पाचवारी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, हातात हिरव्या बांगड्या, उजव्या हातात पळी. बाई आपल्याला पाठमोरी, एका कुशीकडून दिसते. चेहरा म्हणाल तर एक गाल आणि कानातली कुडी, बस्स. तिच्या पुढ्यात ताट, ताटाभोवती रांगोळी आणि ताटातल्या भाताच्या मुदीवरून निघालेली वाफ वर जाऊन तिचीच पुस्तकाच्या नावाची अक्षरं झालेली. ती वाफ जयप्रकाशांनी अशी काही काढली होती, की पुस्तक हातात घेणाऱ्याचा चष्मा धुरकट व्हावा.

पुस्तक निघालं आणि महिन्याभरात प्रकाशकाकडे दोन पोती पत्रं आली. मराठी माणूस घर कुठेही घेईल, पण ताटाची हद्द कायम असते. जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या हाताला भाज्या. मीठ समोर, वरच्या काठाला. चित्रात सगळं उलटं होतं. लिंबाची फोड ठसठशीत उजवीकडे आणि मीठ खालच्या काठाशी, जेवणाऱ्याच्या मांडीला लागेल असं. कोल्हापूरच्या एका मास्तरांनी बरोबर ताटाची आकृती काढून, तिला अ, ब, क अशी नावं देऊन पाठवली. वाईच्या एका बाईंनी कळवलं, की मुखपृष्ठ पाहून सासूबाईंनी रात्रीचं जेवण सोडलं, तरी पुढच्या आवृत्तीत याचा विचार व्हावा. प्रकाशकांनी जयप्रकाशांना बोलावून एकच विचारलं, "तासगावकर, तुम्ही घरी जेवता कसे?"

त्यानंतर खाण्यापिण्याचं काम त्यांच्याकडे कधी आलं नाही. पुढची पस्तीस वर्षं त्यांनी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे कॅटलॉग आणि पाण्याच्या पंपांची कॅलेंडरं रंगवली. पंपातून पडणाऱ्या पाण्याला त्यांनी कधी मनापासून तुषार काढले नाहीत.

जयप्रकाशांचा खुलासा एकच होता आणि तो त्यांनी मुलाच्या लग्नात मुलीकडच्यांनाही ऐकवला होता. आपण ताट बरोबर काढलं होतं, छापखान्याने निगेटिव्ह उलटी लावली. डावं ते उजवं झालं. अक्षरं वेगळ्या निगेटिव्हवर होती, म्हणून तेवढी सरळ राहिली. मूळ चित्र प्रकाशकाच्या गोदामात वाळवीने खाल्लं, त्यामुळे पुरावा उरला नाही. निगेटिव्ह उलटी लावल्याने मीठ वरच्या काठावरून खालच्या काठाशी कसं येईल, असं एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी एकदा विचारलं होतं. जयप्रकाशांनी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. चित्रातल्या बाईसाठी जी समोर बसली होती ती त्यांची बायको चारुलता, तिने मात्र या विषयावर कधी चकार शब्द काढला नाही. छापखान्याचं नाव निघालं की ती गवार मोडायला घ्यायची. गवार घरात नसली तर मटार सोलायची.

असो. नेरूळच्या मोगरा सोसायटीत नवरा-बायको निवृत्त आयुष्य घालवत होते. 'पहिली वाफ' बाजारातून कधीच नाहीशी झाली होती आणि जयप्रकाशांचा अन्याय त्यांच्यासोबत शांतपणे म्हातारा होत होता. तेवढ्यात सोसायटीची मीटिंग लागली.

मीटिंग सेक्रेटरी धनाजीराव कदमांच्या हॉलमध्ये होती आणि विषय पाहुण्यांच्या पार्किंगचा होता. धनाजीराव मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे चहा ते रागाने पाजावा तितक्या आग्रहाने पाजत. ट्रेमध्ये आठ कप आले. पहिला कप उचलला गेला तेव्हा जयप्रकाशांना रांगोळीचा एक तुकडा दिसला. दुसरा उचलला गेला, हिरव्या बांगड्या दिसल्या. तिसऱ्याखाली अबोली होती. पाचव्या कपाखालून वाफ निघाली, आणि ती चहाची नव्हती.

पन्नास वर्षांपूर्वी मरून गेलेल्या माणसाने बेल वाजवून 'आहे का कुणी घरात' म्हणावं, तसं झालं. जयप्रकाशांनी आपला कप उचललाच नाही, कारण तो बरोबर लिंबाच्या फोडीवर होता. बाकीचे पार्किंगवर भांडत होते. जयप्रकाश ट्रेकडे बघत राहिले. ती वाफ त्यांनी एका दुपारी, तीन नंबरच्या ब्रशचे केस कात्रीने विरळ करून काढली होती. त्यानंतर तसा ब्रश त्यांनी केला नव्हता. पंपाच्या पाण्याला लागत नाही.

ट्रे कुठून आणला, असं त्यांनी शक्य तितक्या कोरडेपणाने विचारलं. धनाजीरावांनी पार्किंग तिथेच सोडलं. त्यांच्या आईकडे हे पुस्तक होतं. कव्हर फाटल्यावर आईने ते पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं, डबा उघडला की बाई दिसायची. मॉलमध्ये ट्रे दिसला आणि मी तिथंच, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी, उभा राहिलो, मागची माणसं येऊन आपटली तरी हललो नाही, असं ते सांगू लागले. सांगता सांगता साडेसहा फुटी माणूस खुर्चीच्या कडेला येऊन बसला.

जयप्रकाशांनी विचारलं, चित्रात काही चुकल्यासारखं वाटतं का?

धनाजीरावांनी उरलेला कप बाजूला ठेवला आणि ट्रे दोन्ही हातांत धरून बराच वेळ न्याहाळला. "चुकलंय? साहेब, आमच्या अख्ख्या घरात एवढं बरोबर काईच नाय."

त्या दिवसापासून जयप्रकाशांना ती बाई सगळीकडे दिसू लागली. फ्रिजला चिकटवायच्या चुंबकांवर, कपांवर, एप्रनवर, उशीच्या अभ्र्यावर, टिश्यूच्या खोक्यावर, गॅसच्या शेगडीमागे लावायच्या टाइल्सवर. उलव्याला चारुलताच्या भाचीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेले, तर हॉलमध्ये भिंतीवर घड्याळ. काटे ताटाच्या मधोमध, मुदीतून निघालेले, आणि लिंबाची फोड बरोब्बर तीनवर. दिवाळे गावात मासे आणायला गेले तर कोळणीच्या, काशीच्या, लुगड्यावर तेच एप्रन. बोंबील मोजता मोजता ती पोटावरच्या चित्राला हात लावून म्हणाली, "माजी आय पन अशीच बसाची." मग दोन बोंबील जास्त टाकले आणि बराच वेळ खाडीकडे बघत राहिली. जयप्रकाशही बघत राहिले. काय बघायचं होतं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

त्यांना हे आक्रीत कळेना. मॉलमधल्या त्या दुकानापाशी ते एक अख्खी दुपार एका बाकावर बसून राहिले. माणसं घाईत यायची, मोबाइलवर बोलत यायची, आणि या वस्तूंच्या फळीसमोर आली की वाक्य अर्धवट सोडायची. एक सुटाबुटातला गृहस्थ चटणीच्या बरणीसमोर चप्पल काढावी की काय अशा विचारात पडल्यासारखा उभा राहिला. एका म्हातारीने नातवाला वाफेवर बोट ठेवायला लावलं आणि विचारलं, गरम आहे ना? नातवाने हो म्हणून बोट मागे घेतलं. जयप्रकाशांच्या अंगावर काटा आला. देवळं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण पायपुसण्यासमोर हात जोडलेली माणसं पहिल्यांदाच पाहत होते. पायपुसण्यावर बाईला छापल्याचा राग यावा म्हणून त्यांनी प्रयत्न केला. पण दुकानात तासाभरात कुणीही त्या पायपुसण्यावर पाय ठेवला नाही. सगळे वळसा घालून गेले.

आणि लिंबाची फोड? लिंबाची फोड कुणालाच दिसत नव्हती. जयप्रकाशांनी एकोणीस माणसांना विचारलं. एकाने साडीचा रंग आमच्या पडद्यांवर जातो म्हणून सांगितलं. एकीने फोडीच्या शेजारचा पिवळा डाग किती क्यूट आहे असं म्हटलं. हा डाग जयप्रकाशांनी काढलेला नव्हता. प्रत्येक वस्तूवर तो होता, अंगठ्याएवढा, आणि त्याबद्दलही छापखान्याला दोन शब्द सुनवावेत असं त्यांनी मनात टिपून ठेवलं होतं. पण फोडीचा विषय कुणी काढला नाही. लोक आता वाडग्यात जेवत होते, टीव्हीसमोर, एका हाताने. वाडग्याला डावं-उजवं नसतं.

वास्तविक जयप्रकाशांनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. जगाने विसरावं म्हणून ते पन्नास वर्षं झुरले, आणि जग विसरलं होतं. पण विसरताना लिंबू कुठे वाढतात तेही विसरलं होतं. याचा जयप्रकाशांना पत्रांपेक्षा जास्त अपमान वाटला.

तरी ते गप्प बसले असते. पण मुलाचा, अभिरामचा, वाढदिवस आला. सुनेने हौसेने सगळ्यांना पाटावर बसवलं आणि ताटं वाढली. जयप्रकाशांनी ताटाकडे पाहिलं. लिंबू उजवीकडे. मीठ मांडीशी. सासऱ्यांचा चेहरा पाहून सून म्हणाली, "बाबा, बरोबर आहे ना? ट्रे समोर ठेवूनच वाढलंय."

जयप्रकाश जेवले, पण लिंबाला हात लावला नाही. छापखान्याची चूक त्यांच्यापुरती होती तोवर ठीक होतं. आता तिला वंश फुटला होता. आणखी दहा वर्षांनी हेच बरोबर ठरणार, आणि तेव्हा कोल्हापूरच्या मास्तरांसारखं पत्र लिहायला कुणी उरणार नव्हतं. आपण शहात्तर वर्षांचे. जे करायचं ते आता. चित्र पुन्हा सरळ करून घ्यायचं, प्रत्येक ट्रेवर, प्रत्येक कपावर. मरताना महाराष्ट्राच्या ताटात लिंबू डावीकडे ठेवून मरायचं. त्यांनी हे जेवणानंतर सर्वांसमोर जाहीर केलं. अभिरामने, बाबा, पत्ता बॉक्सवर असतो, एवढंच सांगितलं. चारुलता मटार सोलत होती.

वस्तू बनवणाऱ्या कंपनीचं नाव 'चूलबील' आणि पत्ता महापे. जयप्रकाशांनी टॅक्सी बोलावली. चारुलताबाई आपण होऊन तयार होऊन बसल्या. कशाला येतेस, असं त्यांनी विचारलं तर, तुम्हाला परत यायचा पत्ता नीट सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. वाटेत ठाणे-बेलापूर रस्त्यावर जयप्रकाशांनी भाषणाची उजळणी केली. सुरुवात मराठी अन्नसंस्कृतीपासून होती आणि छापखाना महाप्याच्या आसपास आला.

कंपनीची मालकीण मोनाली शिंदे तिशीतली होती. दाराशी आलेल्या म्हाताऱ्याने आपण ते चित्र काढलं असं सांगताच तिने आधी त्यांच्याकडे, मग भिंतीवरच्या आठ फुटी वाफेकडे पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. आतली सतरा-अठरा माणसं खुर्च्या सरकवून उभी राहिली. जयप्रकाशांना निवृत्तीच्या समारंभातही एवढे लोक उभे राहिलेले आठवत नव्हते. त्या समारंभात जे उभे होते ते खुर्च्या कमी होत्या म्हणून.

"सर, आम्ही तुम्हाला किती शोधलं," मोनाली म्हणाली. "प्रकाशकांचा पत्ता नाही, पुस्तकावर तुमचं नाव नाही. शेवटी वाटलं, आर्टिस्ट बहुतेक गेला असेल."

"मी ट्रॅक्टरमध्ये होतो," जयप्रकाश म्हणाले.

तिने त्यांना आत नेलं. तिच्या केबिनमध्ये काचेच्या चौकटीत एक फाटकं मुखपृष्ठ होतं. कडा कुरतडलेल्या, घडीच्या रेघेवर चिकटपट्टी. तिने ते खाली काढून जयप्रकाशांच्या हातात दिलं आणि त्याची हकीकत सांगितली. तिचे आजोबा सयाजी साताऱ्याहून आले, वाशीच्या मार्केटात माथाडी होते. एकदा रद्दीच्या गठ्ठ्यात हे पुस्तक मिळालं. आजीला, रंगूबाईला, वाचता येत नव्हतं. तीनशे एक पदार्थांतला एकही तिने केला नाही. तिने कव्हर फाडलं आणि देव्हाऱ्यात, खंडोबाच्या शेजारी, लावलं. रोज सकाळी देवांना हळद-कुंकू लावून झालं की उरलेल्या हळदीचा अंगठा या ताटाला लावायची. चाळीस वर्षं.

जयप्रकाशांनी लिंबाच्या फोडीशेजारच्या पिवळ्या डागाकडे पाहिलं. तो डाग नव्हताच. जवळून पाहिलं तर त्यात अंगठ्याच्या रेषा दिसत होत्या, एकावर एक, शेवटी सगळ्या मिळून एक मऊ पिवळं वर्तुळ झालेलं. सगळ्या नवी मुंबईच्या कपांवर, घड्याळांवर, उशांवर रंगूबाईचा अंगठा उमटला होता.

"तिला विचारलं, ही कोणती देवी?" मोनाली म्हणाली. "तर म्हणायची, देवी न्हाय गं, पन हिच्या घरनं कुनी उपाशी जात नसंल."

जयप्रकाशांनी खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला, तो धुरकट नव्हता तरी. भाषणातला मराठी अन्नसंस्कृतीचा भाग त्यांना आता सापडेना. त्यांनी सरळ छापखान्यालाच हात घातला. चित्र उलटं छापलं गेलं आहे. लिंबू डावीकडे होतं. माझी एकच मागणी आहे, ते सरळ करा. माझं नाव टाका न टाका, पण सरळ करा.

मोनालीला डाव्या-उजव्याचं काही माहीत नव्हतं आणि ते तिने प्रामाणिकपणे कबूल केलं. मग ती हसली. तेवढंच ना? सर, एक सेकंदाचं काम आहे. तिने आपल्या डिझायनरला, क्रांतीला, हाक मारली. चहा आला, अर्थात त्याच ट्रेमधून. जयप्रकाश टेबलाच्या एका बाजूला, चारुलताबाई समोर. क्रांतीने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चित्र आणलं. कामं टाकून सगळे दाराशी गोळा झाले. जयप्रकाश उठून उभे राहिले. पन्नास वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो खुर्चीत बसून पाहायचा नसतो.

क्रांतीने अक्षरं तेवढी वगळून एक बटण दाबलं.

लिंबाची फोड डावीकडे गेली. भाज्या उजवीकडे आल्या. आणि बाईचा पदर टुणकन उजव्या खांद्यावर जाऊन बसला. पळी डाव्या हातात गेली. मीठ होतं तिथेच, खालच्या काठाशी राहिलं.

पडद्यावर एक परकी, डावखुरी बाई, भलत्याच खांद्यावर पदर घेऊन, कुणाला तरी डाव्या हाताने वाढत होती. वाडग्यात जेवणाऱ्या त्या सतरा पोरापोरींनाही काहीतरी भयंकर झाल्याचं कळलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मॅडम, ही नाही ती."

क्रांतीने घाईघाईने पुन्हा बटण दाबलं. पदर डाव्या खांद्यावर आला, पळी उजव्या हातात आली, बाई आपली झाली. लिंबू उजवीकडे.

जयप्रकाश खाली बसले. छापखान्याने निगेटिव्ह उलटी लावली असती तर पदरही उलटा छापला गेला असता. हे कळायला कॉम्प्युटर लागत नव्हता, पदर पाहिलेला माणूस पुरत होता. चित्र पहिल्यापासून सरळ होतं. लिंबू त्यांनीच, स्वतःच्या हाताने, उजवीकडे काढलं होतं. एका परक्या छापखान्याला त्यांनी पन्नास वर्षं शिव्या दिल्या होत्या. त्याचा मालक एव्हाना वरही गेला असेल आणि वर जाऊन विचारत असेल, माझं काय चुकलं?

त्यांनी समोर पाहिलं. चारुलता चहा पीत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"पदर माझाच आहे," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"छापखाना काही ऐकायला येत नव्हता. तुम्हाला बोलून बरं वाटायचं." तिने कप ट्रेबाहेर ठेवला, मग बाकीचे कपही एकेक करून उचलून बाजूला ठेवले. ट्रे मोकळा झाला. "इकडे या. माझ्या बाजूला बसा."

जयप्रकाश निमूट उठले, टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. तिने ट्रेकडे बोट केलं.

या बाजूने बाई उलटी दिसत होती, वाफेची अक्षरं उलटी दिसत होती. पण ताट सरळ होतं. लिंबाची फोड डाव्या हाताला. चटणी, कोशिंबीर तिच्याखाली. भाज्या उजवीकडे. मीठ समोर, वरच्या काठाला, जिथे असायला हवं तिथे, चिमूटभरही इकडे तिकडे नाही. आणि ताटाच्या अलीकडे, जिथे वाफेच्या अक्षरांची दाटी होती, तिथे 'फ'च्या खालून एक लाकडी कोपरा आणि त्यावरचं पितळी फूल डोकावत होतं. सगळे त्याला नक्षी समजत आले होते. तो पाटाचा कोपरा होता. रिकामा पाट. नावासाठी जागा हवी म्हणून प्रकाशकाने वाफ मोठी करायला लावली तेव्हा जयप्रकाशांनीच तो झाकला होता.

आणि मग त्यांना सगळं आठवलं. डोंबिवलीची एक खोली. लग्नाला तीन महिने. चारुलताने ताट वाढलं होतं आणि ते समोर पाटावर वही घेऊन बसले होते. ती काही केल्या वर बघेना, पळीतला वरणाचा थेंब रांगोळीत पडला. अशी समोरून नका बघू, असं ती म्हणाली होती. म्हणून ते पाटावरून उठले, तिच्या मागे जाऊन भिंतीला टेकून बसले आणि तिथून जसं दिसलं तसं काढलं. अगदी जसंच्या तसं. ताट त्यांना दिसत होतं वाढणारीच्या बाजूने. दोन पोती पत्रं लिहिणारे सगळे पुस्तक उभं धरून जेवायला बसले होते. पुस्तकाला वळसा घालता येत नाही. ट्रेला येतो.

"म्हणजे ते ताट..." जयप्रकाशांनी ट्रेवर बोट ठेवलं.

"तुमचंच होतं," चारुलता म्हणाली. "तुम्ही चित्र पुरं केलंत आणि पाच-दहाची गाडी गाठायला म्हणून तसेच निघालात, प्रकाशकाकडे. आलात ते बाहेरून जेवून. मी आपली ताट झाकून बसले होते."

जयप्रकाश त्या ट्रेकडे बघत राहिले. धनाजीरावांच्या आईच्या पिठाच्या डब्यात, रंगूबाईच्या देव्हाऱ्यात, काशीच्या पोटावर, उलव्याच्या भिंतीवर, जिथे जिथे माणसं थबकली, वाक्य सोडून उभी राहिली, हात जोडती झाली, तिथे तिथे एक ताट पन्नास वर्षं वाढलेलं होतं. एकोणीस वर्षांच्या एका मुलीने ते एका माणसासाठी वाढलं होतं, बिनचूक, आणि पाट रिकामा होता. वाफ अजून निघत होती. तो माणूस उठून मागे गेला आणि त्याला वाटलं, आपण चित्र काढतोय.

मोनालीने डोळे पुसले, लपवायचा प्रयत्न केला नाही. क्रांतीने तर मान खाली घातली होती. दाराशी उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी मोबाइल वर केला होता, तो त्याने आपण होऊन खिशात ठेवला.

"सर," मोनाली म्हणाली, "आता तुम्ही सांगाल तसं. प्रत्येक वस्तूवर तुमचं आणि काकूंचं नाव टाकते. पाट मोकळा करून हवा असेल तर अक्षरं काढून टाकते. ही सगळी हकीकत बॉक्सवर छापते. काहीही मागा. प्लीज, काहीतरी मागाच."

जयप्रकाशांनी घसा खाकरला. त्यांनी एकदा चित्राकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या बायकोकडे, जरा वेळच पाहिलं.

"तेवढा एसी कमी करता का?" ते म्हणाले. "हिचा गुडघा धरलाय मघापासून."